मासळीच्या टेम्पोची चासी गंजतेय: रेड ऑक्साइड, इपॉक्सी की अंडरबॉडी कोटिंग?

वेसावची लेक

मंडळी, गाडीच्या रंगाबद्दल नेमका सल्ला हवा आहे.

आम्ही वेसाव्याचे. घरचा चारचाकी छोटा टेम्पो आहे. पहाटे ससून डॉकवरून नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून म्हावरं भरायचं आणि अंधेरी-मालाडच्या बाजारांत पोचवायचं, हे त्याचं काम. भाऊ चालवतो, हिशेब आणि देखभाल माझ्याकडे. गाडीला आठ वर्षं होऊन गेली, म्हणजे फिटनेसची तपासणी आता दरवर्षी. इंजिन ठणठणीत आहे, दुखणं सगळं खाली आहे.

बर्फ वितळून हौद्यात साचणारं खारट पाणी पत्र्याच्या सांध्यांतून थेट चासीवर ठिबकतं. हौद्याखालचे आडवे चॅनल, पाट्यांचे (स्प्रिंगच्या पानांचे) हँगर आणि चासीची आतली बाजू, तिथे गंजाचे पापुद्रे सुटायला लागलेत. स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिलं. चासी टणक आहे, पण एका आडव्या चॅनलला आरपार भोक पडलंय. या गाडीवर दोन घरं चालतात, म्हणून आणखी एक पावसाळा असाच काढायची माझी तयारी नाही.

आता ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. मेकॅनिक म्हणतो रेड ऑक्साइड मारून वर काळा ऑइलपेंट द्या. रंगाच्या दुकानदाराने दोन डब्यांचा इपॉक्सी दाखवला, तो बराच महाग आहे. सर्व्हिस सेंटरवाले डांबरासारखं अंडरबॉडी कोटिंग सुचवतात. काका म्हणतात, दरवर्षी इंजिनातलं जुनं काळं ऑइल फवारा, बाकी काही नको.

अडचण वेळेचीही आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी बऱ्यापैकी मोकळी असते, पण तेव्हा पाऊस. पाऊस नसतो तेव्हा गाडीला उसंत नसते. बंदीला अजून महिना आहे. काय लावू आणि कधी लावू?

टर्पेंटाइन

ताई, मी बंदरातल्या पोलादी कामाच्या रंगकामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा मुख्य वैरी मीठ आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं ना, तेच चासीवर होतं. मुंबईत पावसाळाभर आर्द्रता याच्या वरच असते, म्हणजे खारावलेलं लोखंड रात्रंदिवस ओलं. आणि मीठ आत ठेवून वरून रंग दिला तर ते रंगाच्या थराखालीही पाणी ओढतं. आधी फोड येतात, मग पापुद्रा सुटतो. भारी रंग लावूनही वर्षभरात गंज वर आलेला दिसतो तो बहुतेक वेळा यामुळे.

म्हणून आधी धुणं. पापुद्रे खरवडून काढा, दाबाच्या पाण्याने धुवा, मग तारेचा ब्रश आणि ग्राइंडरचा कप ब्रश फिरवा, पुन्हा धुवा, पूर्ण वाळवा. तुमच्याकडे बोअरचं पाणी मचूळ असेल तर निदान शेवटचं धुणं गोड्या पाण्याचंच हवं. मग थिनरच्या फडक्याने तेल-ग्रीस पुसा. नुसता ग्राइंडर फिरवून लोखंड चकचकीत केलं तरी खड्ड्यांतलं मीठ तिथेच राहतं, उलट ते आणखी दाबून बसतं. दोनदा धुवायचं ते म्हणून.

आता रंग. रेड ऑक्साइड घरच्या ग्रिलला ठीक आहे. तो अल्कीड जातीचा प्राइमर, सच्छिद्र, त्यावर रोज खारं पाणी पडलं तर फार तग धरत नाही. तुमच्यासाठी दोन डब्यांचा इपॉक्सीच योग्य. त्यातही दुकानात ‘सरफेस टॉलरंट’ किंवा ‘इपॉक्सी मॅस्टिक’ म्हणून मागा. साधे इपॉक्सी प्राइमर सँडब्लास्ट केलेल्या, म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ केलेल्या पृष्ठभागावर उत्तम बसतात, गाडीखाली झोपून तेवढी सफाई होत नाही. मॅस्टिक ब्रशने घासलेल्या, घट्ट चिकटलेला थोडा गंज उरलेल्या लोखंडावरही धरतो आणि जाड बसतो.

झिंकचा प्राइमर कोणी सुचवेल. झिंक स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, हे खरं. पण त्यासाठी झिंकचा कण उघड्या, स्वच्छ लोखंडाला भिडावा लागतो. गंजावर किंवा जुन्या रंगावर लावलेलं झिंक वाया गेलं समजा.

कडा, वेल्डिंगच्या रेषा आणि बोल्ट यांना आधी ब्रशने एक जादा हात द्या. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरतो, तिथे थर पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. बेस आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या मापानेच मिसळा, अंदाजाने नको. उन्हाळ्यात मिश्रण लवकर घट्ट होतं, तेव्हा थोडं थोडंच कालवा. हातमोजे आणि मास्क घाला, हार्डनर कातडीला बाधतो.

इपॉक्सी उन्हात पांढरट पडतो. चासीच्या आतल्या बाजूला ऊन लागत नाही, तिथे इपॉक्सीवर आणखी काही देऊ नका. हौद्याच्या बाहेरच्या पट्ट्यांवर मात्र वरून पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) एक हात हवा.

पानापेटी

काळ्या ऑइलबद्दल कळकळीने लिहिते, कारण मी रोज दुचाकीवर असते. पहिल्या पावसात ते रस्त्यावर उतरतं आणि मागून येणारा घसरतो. शिवाय रबरी बुश फुगून मऊ पडतात, ब्रेकवर उडालं तर धोका वेगळाच. काकांचा मान राखून नाही म्हणा.

कुर्ल्याचा फिटर

टर्पेंटाइन दादांशी सहमत. गॅरेजच्या बाजूने भर घालतो.

रंगाआधी पाणी अडवा. हौद्याच्या तळाला उतार देऊन एका कोपऱ्यात निचऱ्याचं भोक करा, त्याला रबरी पाइप जोडा आणि तोंड चासीच्या खाली, पाट्यांपासून लांब काढा. रस्त्यात तोंडाला बूच, रिकामं करायचं ते बाजारातल्या गटारावर. हे न करता कुठलाही रंग लावलात तरी तो दर पहाटे खाऱ्या पाण्यात भिजणार.

भोक पडलेलं चॅनल भरू नका, बदला. पुट्टी आणि फायबरची पट्टी लावून वरून रंग देणारे भेटतील, पण तो चॅनल वजन पेलतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांगा. सगळं वेल्डिंग उरकल्यावरच रंग, नाहीतर नवा रंग जळेल. हौद्याचे गंजलेले बोल्टही याच वेळी नवे टाका.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मासळीच्या गाडीला नको. नवीन कोरड्या गाडीवर ते दगड-खड्यांपासून वाचवतं. गंजलेल्या चासीवर लावलं की वर्षा-दोन वर्षांत त्याला भेग पडते, खारं पाणी आत शिरतं, अडकतं. वरून सगळं काळं गुळगुळीत दिसतं आणि आत पत्रा सडत जातो. तुम्हाला गंज दिसलेला बरा, दिसला तर खरवडून डाग भरता येतो.

बंद चॅनलच्या आत ब्रश जात नाही. तिथे नळीने मेणाचं कॅव्हिटी कोटिंग मारून घ्या. खालची पाणी जाण्याची भोकं मात्र रंगाने किंवा मेणाने बुजू देऊ नका.

सायलेन्सरला इपॉक्सी नको, तापून उडतो. त्याला उष्णता सोसणारा सिलिकॉनचा ॲल्युमिनियम रंग मिळतो.

वेसावची लेक

खूप मोठी मदत झाली. पाण्याच्या पाइपचं तर आम्हाला सुचलंच नव्हतं. दोन शंका आहेत. गंजाचं रूपांतर करणारं रस्ट कन्व्हर्टर आधी मारू का? आणि वेळेचं काय करू, बंदीत पाऊस उघडलेला दिवस पकडू का?

टर्पेंटाइन

कन्व्हर्टरमध्ये फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं, ते लाल गंजाला काळ्या, स्थिर थरात बदलतं. सुटे पापुद्रे ते बदलू शकत नाही आणि खालचं मीठही काढत नाही. ब्रश पोचत नाही अशा सांध्यांपुरतं वापरा. इपॉक्सीच्या माहितीपत्रकात कन्व्हर्टर चालतं का ते आधी वाचा, काही इपॉक्सी उरलेल्या आम्लावर नीट धरत नाहीत.

पावसातला उघडलेला दिवस नको. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग देत नाहीत, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा) निदान ३ अंश जास्त हवं. जुलैत ऊन पडलं तरी सावलीतल्या चासीवर डोळ्यांना न दिसणारा ओलावा असतो.

माझा सल्ला मेच्या शेवटच्या आठवड्याचा. सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात रंग द्या, संध्याकाळची खारी हवा सुटायच्या आत हात पूर्ण करा. तेव्हा धंद्याचे चार-पाच दिवस बुडतील, पण लगेच बंदी लागते. इपॉक्सी पूर्ण कडक व्हायला आठवडाभर लागतो, तो वेळ गाडीला आपोआप मिळेल. तोवर ती शेडखाली उभी करा. मे जमलाच नाही तर मग थेट नोव्हेंबरनंतर. मार्गशीर्षात गुरुवारची मागणी तशीही पडते, त्याला जोडून सुट्टी काढता येईल.

वेसावची लेक

मेचा शेवटचा आठवडा पक्का केला. वेल्डिंग आणि पाइपचं काम भाऊ या पंधरवड्यातच उरकून घेतोय, मॅस्टिकची चौकशी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात करते. पाट्यांनाही इपॉक्सी द्यायचा का?

कुर्ल्याचा फिटर

पाट्यांना नको. पानं एकमेकांवर सरकतात, मधे रंग बसला की अडखळतात आणि रंगही टिकत नाही. त्या फक्त धुऊन, वाळवून ग्रीस करून घ्या. ग्रीसची निपलं, ब्रेकचे रबरी पाइप आणि बॅटरीच्या अर्थिंगचा बोल्ट यांवर रंगाआधी मास्किंग टेप लावा. चासी नंबर कोरलेला आहे तिथेही टेप लावा, जाड इपॉक्सीखाली आकडे बुजले तर फिटनेसला गाडी अडकते. रंग झाल्यावर त्या जागेवर पारदर्शक लॅकर मारा, आकडेही दिसतील.