टँकर येणार होता की नव्हता?

(देवपूर, धुळे. सोसायटीचा ग्रुप, मे महिन्यातली संध्याकाळ.)

अण्णा (सेक्रेटरी): डिअर मेंबर्स, टँकरवाला सेड दॅट इफ ही गॉट डिझेल, ही वुड कम टुनाईट. काइंडली को-ऑपरेट.

काकू (बी-१०३): म्हणजे येतोय ना? बादलीभर पाणी उरलंय, कूलरमध्ये ओतून टाकू का?

भूषण (सी-४०१): नका ओतू काकू. तो येत नाहीये. 'गॉट' आणि 'वुड' आहे, म्हणजे सेकंड कंडिशनल. डिझेल असतं तर आलो असतो, असं म्हणतोय तो.

वैशाली वहिनी (सी-१०२): मी तर उलट समजले. डिझेल मिळालं की येतो, असं.

बापू (बी-२०१): येई का नही ते सांगा ना भो. इंग्रजी कसाले?

अण्णा: बापू, ग्रुपवर दोन मेंबर बाहेरच्या राज्यातले आहेत, म्हणून इंग्रजी. आणि ग्रामर मी तपासूनच टाकलंय.

सर (ए-२०२): अण्णा, तुमच्या वाक्यात काही चूक नाही. पण भूषणने लावलेला अर्थ निघतो आणि वहिनींनी लावलेलाही निघतो. भानगड तीच आहे.

काकू: सर, ओतू का नको?

सर: काकू, पाच मिनिटं थांबा. जरा मोठं लिहितोय.

सर: समजा टँकरवाला म्हणाला, "इफ आय गेट डिझेल, आय विल कम." हा फर्स्ट कंडिशनल, म्हणजे टाइप वन. शब्द दिलाय त्याने. डिझेल मिळू शकतं, मिळालं तर तो येईल. हे अण्णांनी 'सेड' लावून सांगितलं की काळ एक पायरी मागे सरकतो, 'गेट'चं 'गॉट' होतं आणि 'विल'चं 'वुड'. वाक्य तयार: ही सेड दॅट इफ ही गॉट डिझेल, ही वुड कम.
आता समजा तो म्हणाला, "इफ आय गॉट डिझेल, आय वुड कम." हा सेकंड कंडिशनल, टाइप टू. म्हणजे मिळण्याची त्याला स्वतःलाच फारशी आशा नाही. यात 'गॉट' आणि 'वुड' आधीपासूनच आहेत आणि या प्रकारातली क्रियापदं सांगताना बदलत नाहीत. वाक्य तयार: ही सेड दॅट इफ ही गॉट डिझेल, ही वुड कम.
दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. अक्षराचा फरक नाही. तो बोलला तेव्हा फरक होता, अण्णांच्या मेसेजमध्ये येईपर्यंत पुसला गेला.

वैशाली वहिनी: अरे देवा. म्हणजे इंग्रज लोक कसे ओळखतात?

सर: मागच्यापुढच्या बोलण्यावरून. नुसत्या वाक्यावरून त्यांनाही ओळखता येत नाही.

बापू: त्यापेक्षा फोन लावा ना त्याले.

अण्णा: लावला. त्याचे शब्द जसेच्या तसे टाकतो: "डिझल भेटनं ते रातले येसू."

काकू: ओतलं 🙏

भूषण: 😅 चला, फर्स्ट कंडिशनल होतं. पण अण्णा, हेच टाकलं असतं तर वाद झालाच नसता.

सर: मराठीत आणि अहिराणीत हा प्रश्नच येत नाही. आपण 'तो म्हणाला की' म्हणतो आणि पुढे त्याचं बोलणं आहे तसं ठेवतो, 'डिझेल मिळालं तर येईन'. काळही त्याचाच. पुष्कळदा 'मी'सुद्धा त्याचाच राहतो. म्हणून आपल्या पोरांचा हात इंग्रजीत 'ही सेड दॅट इफ आय गेट' असा वळतो.

सानिका (ए-३०४): सर सॉरी, मध्येच विचारते. व्हेकेशन बॅचची रविवारी टेस्ट आहे, इनडायरेक्ट स्पीचवरच. 'इफ'वालं वाक्य आलं की माझं हमखास चुकतं. सगळ्या 'इफ'ला एकच नियम आहे का?

भूषण: सोपं आहे ग. टाइप वन बदलतो, टाइप टू आणि थ्री बदलत नाहीत. एमपीएससीला मी एवढंच पाठ केलंय.

सर: पाठ करायला ठीक आहे. पण कारण कळलं तर पाठ करावं लागत नाही. सानिका, 'इफ आय हॅड गॉट डिझेल, आय वुड हॅव कम' हे वाक्य घे. गोष्ट होऊन गेली, डिझेल मिळालं नाही, तो आला नाही. 'हॅड गॉट'च्या मागे इंग्रजीत आणखी भूतकाळ आहे का? नाही. मग सरकवणार कुठे? म्हणून तिसरा प्रकार आहे तसा राहतो, फक्त 'आय'चं 'ही' होतं.
दुसऱ्या प्रकाराचं थोडं वेगळं. त्यातला 'गॉट' दिसायला भूतकाळ, पण तो वेळ सांगत नाही, 'हे खरं नाही, नुसती कल्पना आहे' एवढंच सांगतो. मागे सरकवलास तर ते तिसऱ्या प्रकारासारखं दिसायला लागेल. काही व्याकरणाच्या पुस्तकांत तसं सरकवलेलंही चालतं, पण परीक्षेत बदलू नकोस.

सानिका: मग पहिला प्रकार तेवढा सरकतो, कारण तो खराखुरा वर्तमान-भविष्य आहे. असंच ना?

सर: असंच.

वैशाली वहिनी: सर, एक सांगा. आपण 'डिझेल मिळालं तर' म्हणतो, 'मिळेल तर' नाही म्हणत. 'मिळालं' हा भूतकाळच झाला की!

सर: वहिनी, हे पोरांच्या लक्षात आणून द्यायला पाहिजे. पुढच्या गोष्टीसाठी आपणही 'तर'च्या आधी भूतकाळाचं रूप वापरतो. पाऊस आला तर पेरू. म्हणजे 'इफ इट रेन्ड'मधला भूतकाळ आपल्याला परका वाटायचं कारण नाही. आपल्याला नडतं ते दुसरीकडे. 'पैसे असते तर ट्रॅक्टर घेतला असता' हे आपण आजच्याबद्दलही म्हणतो आणि गेल्या वर्षाबद्दलही. इंग्रजीत त्याची दोन वाक्यं होतात, दुसरा प्रकार वेगळा, तिसरा वेगळा. पोरं तिथे गोंधळतात आणि खापर फुटतं इनडायरेक्ट स्पीचवर.

बापू: ट्रॅक्टरचा विषय निघाला म्हणून सांगतो, पार्किंगमध्ये कोणाची तरी ट्रॉली उभी आहे. काढा ती आधी, रात्री टँकर वळायचा कसा?

अण्णा: बापू, वॉचमनला सांगितलंय.

सानिका: सर, पण न्यूजमध्ये 'सेड' लावून पुढे 'विल' ऐकलंय मी. ते चूक का?

सर: चूक नाही. गोष्ट अजून व्हायची असेल, सांगणाऱ्यालाही ती तशीच उघडी वाटत असेल, तर काळ न बदलता ठेवतात. द टँकरवाला सेड ही विल कम टुनाईट इफ ही गेट्स डिझेल. अण्णा, तुम्ही हे लिहिलं असतं तर काकूंचा कूलर तासभर आधीच सुरू झाला असता. किंवा 'सेड'च्या जागी 'सेज' लिहायचं, मग काही बदलायचाच प्रश्न नाही. माझं स्पष्ट मत आहे, ग्रुपवर, ऑफिसच्या मेलमध्ये, जिथे पुढे काही ठरायचंय तिथे काळ बदलूच नये. शब्द दिलाय की रडगाणं गातोय ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. पेपरात मात्र बदलायचा, कारण तपासणारा तोच बदल शोधत असतो.

भूषण: आणि बर्फवालं वाक्य सर?

सर: 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.' कायमचं सत्य, बदलायचं नाही. पुढे चला.

सानिका: प्रश्न असला की दोन 'इफ' येतात माझे. "विल यू पे इफ आय कॉल द टँकर?" याचं मी केलं, 'अण्णा आस्क्ड इफ वी वुड पे इफ ही कॉल्ड द टँकर'. विचित्र वाटतंय.

सर: चूक नाही, पण कानाला खटकतं. पहिल्या 'इफ'च्या जागी 'वेदर' घाल, हवामानवालं नाही, 'की नाही' या अर्थाचं. अण्णा आस्क्ड वेदर वी वुड पे इफ ही कॉल्ड द टँकर. दुसऱ्या 'इफ'ला हात लावू नकोस, अट त्याच्यात आहे. तिथे 'वेदर' बसत नाही.

अण्णा: पैशांचा विषय निघालाच आहे, तर चार फ्लॅटचे टँकरचे पैसे बाकी आहेत.

काकू: मी दिले हो अण्णा, सोमवारीच.

सानिका: आणि ऑर्डर असेल तर? "इफ द टँकर कम्स, ओपन द गेट."

सर: आज्ञा आहे म्हणून 'टोल्ड' आणि 'टू'. ही टोल्ड द वॉचमन टू ओपन द गेट इफ द टँकर केम. अट शेवटी गेली की वाक्य सुटसुटीत होतं. अट आधीच ठेवायचा हट्ट धरलास तर 'टोल्ड द वॉचमन दॅट इफ...' करत गुंत्यात अडकशील. आणि "इफ आय वेअर यू, आय वुड सी अ डॉक्टर" असं आलं तर 'इफ'वालं सगळं सोडून दे. ही अॅडव्हाइज्ड मी टू सी अ डॉक्टर. त्यात अट नाहीच, सल्ला आहे.

वैशाली वहिनी: सानिका, एवढं सगळं वहीत उतरव ग. क्लासला हजारो रुपये भरून एवढं सांगत नाहीत.

सानिका: उतरवतेय वैशाली काकू. सर, शेवटचं एक. अण्णांचा गेल्या महिन्यातला मेसेज घेतला मी सरावाला 🙈 "इफ यू डू नॉट पे द मेंटेनन्स, आय विल कट युवर वॉटर कनेक्शन." माझं उत्तर: अण्णा थ्रेटन्ड टू कट अवर वॉटर कनेक्शन इफ वी डिड नॉट पे द मेंटेनन्स.

सर: पैकीच्या पैकी.

बापू: 😂😂 थ्रेटन्ड!

अण्णा: मी धमकी दिली नव्हती. कमिटीच्या ठरावाप्रमाणे सूचना दिली होती.

सर: मग 'टोल्ड अस दॅट' कर बेटा आणि पुढे 'ही वुड कट'. क्रियापद निवडणं सांगणाऱ्याच्या हातात असतं.

भूषण: 'वॉर्न्ड अस दॅट' पण चालेल ना सर?

सर: चालेल. अण्णा, तुम्हाला कोणतं हवं?

अण्णा: टोल्ड. आणि मिनिट्समध्येही तेच लिहा.