मदत हवी आहे: डोक्यात गोळी लागलेल्या रुग्णांवरचा थिसिस, रिग्रेशन अडकलंय

रंकाळा_रेसिडेंट: सोमवारी गाईडना तक्ते दाखवायचेत. एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये रिग्रेशनसाठी (कुठल्या घटकाचा मृत्यूशी किती संबंध, ते काढायला) वय, लिंग, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर), डोळ्यांच्या बाहुल्या, बीपी, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), गोळीचा मार्ग, स्वतः झाडली की दुसऱ्यानं, दुसऱ्या रुग्णालयातून रेफर असे नऊ घटक टाकले. बाहुल्यांचा ऑड्स रेशो (मृत्यूशी संबंध किती जोरदार, त्याचं माप) कोटींत येतोय आणि पी व्हॅल्यू ०.९९८, म्हणजे संबंध सिद्ध होत नाही. बाहुल्यांना महत्त्व नाही असं कसं लिहू? लवकर सांगा.

आकडेमोड: रुग्ण किती? दगावले किती? आउटकम कुठला, डिस्चार्जपर्यंतचा मृत्यू की सहा महिन्यांनंतरचा जीओएस (रुग्ण किती सावरला, त्याचा स्कोअर)?

रंकाळा_रेसिडेंट: ३८, त्यातले २२ गेले. डिस्चार्जपर्यंत. रिग्रेशनचं सांगा ना.

आकडेमोड: तेच सांगतोय. लहान गट १६ जिवंतांचा. एका घटकामागे दहा घटना (म्हणजे लहान गटातले दहा रुग्ण) हा ढोबळ नियम, तिथं नऊ घटक कसे पेलतील? क्रॉसटॅब (बाहुल्या कशा आणि जगले की गेले, यांचा तक्ता) काढ. दोन्ही बाहुल्या विस्फारलेल्या, उजेडाला न हलणाऱ्या, अशांतला एकही जगला नसेल तर त्या खान्यात शून्य आहे. मग ऑड्स रेशो अनंताकडे पळतो, स्टँडर्ड एरर (आकड्यातली अनिश्चितता) फुगतो, पी एकाजवळ जातो. घटक निकामी नाही, भलताच जोरदार आहे. आर या सॉफ्टवेअरमधल्या लॉजिस्टएफ पॅकेजनं फर्थ पद्धत वापर, खान्यात शून्य असलं तरी ती आवाक्यातला आकडा देते. घटक दोनच: जीसीएसचा मोटर भाग (हातापायांचा प्रतिसाद) आणि बाहुल्या.

घाटावरचा_न्यूरो: गोळीचा मार्ग वगळणं मला पटत नाही. मेंदूचे दोन्ही गोलार्ध ओलांडून व्हेंट्रिकलमधून (आतल्या द्रवाच्या पोकळीतून) गेलेली गोळी आणि फक्त फ्रंटल लोबमधली (कपाळामागच्या भागातली), यात जमीन-अस्मानाचा फरक. 'स्वतः झाडली' हा घटक काढा. कानशिलाला टेकवून झाडलेली बहुधा आडवीच जाते, म्हणजे तीच माहिती दोनदा.

आकडेमोड: मार्ग तक्त्यात द्या, मॉडेलमध्ये नको. आणि जीसीएस कधीचा? इंट्युबेटेडला (श्वासनलिकेत नळी घातलेल्याला) व्हर्बल, म्हणजे बोलण्याचा भाग, मोजताच येत नाही, सिस्टोलिक (वरचं) बीपी ९० खाली असेल तर मोटरही खोटा पडतो. रिससिटेशननंतरचा (श्वास आणि बीपी सावरल्यावरचा) घे.

एमएलसी_डेस्क: गोळी काढताना दातेरी चिमटा लावू नका, गोळीवरचे बंदुकीच्या नळीचे ओरखडे बिघडतात. सीलबंद डबी, पोलिसांची पोच. छर्रा लोखंडी असू शकतो, एमआरआय टाळा.

रंकाळा_रेसिडेंट: अहो, हा जुन्या केसपेपरवरचा अभ्यास आहे!

चंदगडकर: रेफर बघा की. आजऱ्याहून आलेला वाटेत टिकला म्हणूनच पोचला, त्यामुळं रेफर झालेले जास्त जगतात असं दिसणार. अशा रुग्णांच्या जगण्याचा अंदाज देणाऱ्या २०१६ च्या स्पिन स्कोअरमध्येही हा घटक आहे. आमच्याकडचे बरेच जण बेळगावलाच जातात, ते तुमच्या यादीतच नाहीत. मर्यादांमध्ये लिहा. ठासणीच्या बंदुकीचे छर्रे आणि पिस्तुलाची गोळी एकाच गटात घातलीय का?

रंकाळा_रेसिडेंट: हो, छर्र्यांचे ५ आहेत, वेगळा तक्ता करतो. क्रॉसटॅब काढला. दोन्ही बाहुल्या न हलणारे १३, तेराही गेले.

घाटावरचा_न्यूरो: त्या १३ पैकी ऑपरेशन किती जणांचं झालं? बाहुल्या बघूनच हात आखडता घेतला असेल, तर मृत्यू बाहुल्यांमुळं की निर्णयामुळं, हे मॉडेल सांगणार नाही.

रंकाळा_रेसिडेंट: एकाचंही नाही.