मदत हवी आहे : जास्वंदीच्या कुंडीत सरड्याची अंडी

पुण्यात घरामागे छोटी बाग आहे. मेपासून कुंपणावर एक सरडा ठाण मांडून बसलाय. गळा लालबुंद, दुसरा नर दिसला की लगेच जोर काढायला लागतो. (धाव मात्र खरंच कुंपणापर्यंतच!) काल मादीने जास्वंदीच्या कुंडीत खड्डा उकरला, पांढरी, लांबट, मऊ कवचाची अंडी घातली, माती ओढून डोक्याने दाबली आणि चालती झाली. दहा-बारा तरी असतील.

पिल्लं निघायला सहा-सात आठवडे लागतात म्हणे. तोवर पाणी कसं द्यावं? रोज घातलं तर अंडी कुजतील, थांबवलं तर झाड जाईल. अंडी हलवायची नाहीत. शिवाय शेजारचा बोका माती उकरतो. वर जाळी टाकली तर पिल्लांना बाहेर पडता येईल का? किती मोठ्या भोकांची घेऊ?