बाटलीवर ‘दारू’, ‘मद्य’ की नुसतं ‘वाइन’?

विलेपार्ल्याहून विचारणा

मंडळी, एका ओळीशी अडले आहे. नाशिककडच्या एका वाइनच्या मागच्या लेबलाचा मराठी मजकूर करायचं काम आलंय. इशाऱ्याच्या ओळीत मी ‘दारू पिणे आरोग्यास हानिकारक आहे’ असं लिहिलं. ग्राहकाने ‘दारू’वर लाल फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘वाइन म्हणजे दारू नव्हे.’ त्यांना तिथे ‘द्राक्षासव’ हवंय. वर्णनात ‘ड्राय’ आहे, त्याचं ‘कोरडी’ करायला हात धजावत नाही. काय लिहू?

लालबागहून उत्तर

ताई, ‘द्राक्षासव’ आधी खोडा. ते औषधाचं नाव आहे. आमची आजी जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव तेवढ्याच पाण्यात घालून घ्यायची, आणि त्या बाटलीवर ‘स्वयंनिर्मित मद्यार्क’ असं छापलेलं असायचं. आंबवणं दोन्हीकडे आहे, पण एक औषधांच्या दुकानात मिळतं आणि दुसऱ्याला परवाना लागतो. हा वाद मुंबईतच कोर्टात गेला होता. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्यार्क असलेले झाडून सगळे द्रव एकाच व्याख्येत कोंबले होते. 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनं यांच्यापुरत्या त्यातल्या तरतुदी रद्दबातल ठरवल्या. जी सीमा तेव्हा आखली गेली, ती लेबलावर पुसू नका.

आता ‘दारू’. शब्द फारसी, मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’त तो अजून शाबूत आहे. मराठीत तो बंदुकीतही शिरला: दारूगोळा, शोभेची दारू. शब्दात वाईट काहीच नाही. वाईट आहे ती आपण केलेली वाटणी. आमच्या नाक्यावर पाटी आहे, ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’. चार पावलांवर परमिट रूम, तिथे ‘विदेशी मद्य’. ते ‘विदेशी’ बहुतेक इथेच बनलेलं असतं, म्हणून तर सरकारी कागदात ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असं लांबलचक नाव आहे. देशी असेल तर दारू, विदेशी असेल तर मद्य. मी गिरणगावात वाढलो. गिरणी कामगार प्यायला की ‘दारू प्यायला’, साहेब प्यायले की ‘ड्रिंक्स घेतली’, हे आम्हाला शाळेत जायच्या वयातच कळलं होतं. तुमच्या ग्राहकाची लाल फुली त्याच वाटणीतून आली आहे, आणि मला ती खुपते.

कायद्याला हा भेद मान्य नाही. दारूबंदी अधिनियमाच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर आणि ताडी एका ओळीत बसतात. बोलीत तर गंमतच आहे. ‘वाइन शॉप’मध्ये शिरणाऱ्या दहांतले नऊ जण वाइन घ्यायला गेलेले नसतात!

माझं मत: इशाऱ्यात ‘मद्य’ लिहा. तो शब्द देशीला आणि विदेशीला सारखाच लागतो, आणि वाइनही त्यातून सुटत नाही.

मुलुंडहून, माहेर नाशिकचं

‘मद्य’ला माझाही होकार, पण द्राक्षवाल्यांची बाजूही ऐका. वडिलांनी आयुष्य बागेत घातलं. त्यांच्या मालाला कुणी ‘दारूची द्राक्षं’ म्हटलं की ते ताटावरून उठायचे. 2001 साली सरकारने वाइनसाठी धोरण आणलं, त्याचं नाव होतं ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’. नावात वाइन नाही, मद्यही नाही. पुढे 27 जानेवारी 2022 ला 1000 चौरस फुटांवरच्या दुकानांत वाइन ठेवू द्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य घरोघरी पोचलं. मान वाढवायचाच तर ‘द्राक्षाची वाइन’ असं ठसठशीत लिहा, इशारा मात्र पातळ करू नका.

‘ड्राय’बद्दल. यीस्ट द्राक्षातली साखर खातं, तिचा मद्यार्क होतो. साखर जवळजवळ संपेपर्यंत आंबवली की वाइन ड्राय. म्हणजे इथे ‘ड्राय’चा अर्थ गोडवा न उरलेली. ‘कोरडी’ तर नकोच. मुंबईत ‘ड्राय’ म्हटलं की 2 ऑक्टोबर आठवतो, नाहीतर मतदान संपण्याआधीचे 48 तास. ‘फिकी’ही नको, बेचव वाटेल. ‘अगोड’ कसं वाटतं? जिभेवर ठेवून बघा.

पुन्हा विलेपार्ल्याहून

दोघांचेही मनापासून आभार. ‘अगोड’ लगेच घेतला.

दादा, तुमच्या उत्तरानंतर नियम पुन्हा काढून वाचले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्यपेयांचे विनियम 2018 चे, लागू 1 एप्रिल 2019 पासून. इशाऱ्याची अक्षरं किमान 3 मिलिमीटर उंच हवीत, आणि राज्याची इच्छा असेल तर तो स्थानिक भाषेत छापता येतो. 0.5 टक्क्याहून जास्त मद्यार्क असेल तर ‘नशा न आणणारे’ अशा अर्थाचा एकही शब्द लेबलावर चालत नाही, आरोग्याचे दावेही नाहीत. ग्राहकाच्या मसुद्यात ‘सौम्य, नशा न आणणारी, हृदयाला हितकर’ अशी ओळ होती. ती मी आज अख्खी काढली, आणि का काढली तेही समासात लिहिलं.

आत्ताचा मजकूर असा: ‘द्राक्षाची वाइन. अगोड.’ त्याखाली ठळक, ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. सुरक्षित राहा, मद्यपान करून वाहन चालवू नका.’ पट्टीने मोजलं, ‘द्य’ची उंची साडेतीन मिलिमीटर भरते. फक्त तो ‘द्ध’सारखा दिसू नये म्हणून छापखान्याला दुसरा टाइप वापरायला सांगितलाय.