दम लवकर परत येतो, टाच नाही

"आजारपणाआधी पाच किमी सहज व्हायचे, आता दोनमध्येच धाप लागते" असं आजारातून उठून पुन्हा धावू लागलेल्या एकाने लिहिलंय, त्यावरून सांगते. धापेचं सोडा, दम काही आठवड्यांत परत येतो. गोची घोट्यामागच्या कंडरेची (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी), ती सावकाश तयार होते. टायफॉइडनंतर मी जोशात बडोद्यात दांडिया बाजार ते काळा घोडा सलग धावले आणि टाच धरून तीन आठवडे घरी बसले. मग कमाटीबागेत दिवसाआड, एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं एकूण वीस मिनिटं. काठीवाले आजोबासुद्धा पुढे निघून जायचे! महिन्याभराने प्रमाण उलटं केलं. बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये सुरू करणार असाल तर ऊन चढायच्या आत घरी या.