लंडनमध्ये हातातली मॅच गेल्यावर रॅचनॉक इन्थानॉननं पुढं काय केलं? मुलीला सांगायचं आहे

जिनिंग_फिटर (हिंगणघाट तालुका)

नमस्कार मंडळी. मी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर आहे. बायको तिथंच हंगामात कापसातली कवडी, म्हणजे खराब कापूस, वेचते. मुलगी सातवीत. पावसाळ्यात जिनिंग बंद असते, रुईचं गोदाम रिकामं पडते. तिथं खडूनं रेघा मारून, दोन बल्ल्यांना दोरी बांधून चार वर्षांपासून ती बॅडमिंटन खेळते. शिकवणारं कोणी नाही. मोबाइलवर मॅच पाहते आणि तसं करते.

यंदा पहिल्यांदाच जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत गेली. पहिला गेम जिंकली, दुसऱ्यात 18-13 नं पुढं होती. तिथून गेली ती गेलीच. तिसऱ्यात सातच पॉइंट. खाली उतरल्यावर तिथल्या एका माणसानं तिच्यासमोर म्हटलं, "गोदामात शिकलेल्या पोरी इथवरच." मी गप्प राहिलो, ते मला अजून टोचते.

त्या दिवसापासून रॅकेट खुंटीला आहे. तान्ह्या पोळ्याला धाकट्या भावाचा नंदी दरवर्षी तीच सजवते, यंदा उठलीसुद्धा नाही. मी म्हटलं, काऊन वं बाई? तर म्हणे, "बाबा, मले नाही खेळाचं आता."

मग मी तिला थायलंडची बॅडमिंटनपटू रॅचनॉक, तिची गोष्ट सांगायला घेतली. तिचे आईवडीलही कारखान्यात मजूर होते, आणि 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये तीही पहिला गेम जिंकून हरली होती, एवढं मला माहीत. मुलीनं तोंडावरची चादर काढली आणि विचारलं, "मंग?"

त्या "मंग"चं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. कोणाला तिची कारकीर्द नीट माहीत असेल तर सांगा. खरं तेच सांगा, पोरगी नंतर मोबाइलवर तपासून पाहते.

पीटीचे_सर_अमरावती

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, रॅचनॉकचा खेळ ती ज्युनिअर होती तेव्हापासून पाहतो आहे. सुरुवात कारखान्यापासूनच करा, कारण तुमच्या मुलीला ते सगळ्यात लवकर समजेल.

रॅचनॉक 1995 ची, ईशान्य थायलंडमधल्या यासोथोन प्रांतातली. आईवडील बँकॉकला मिठाईच्या कारखान्यात कामाला होते. तिथं 'थोंग योत' नावाची मिठाई बनते. अंड्याचा पिवळा बलक उकळत्या पाकात थेंबाथेंबानं सोडतात, आणि नावाचा अर्थही सोन्याचे थेंब असाच. आता उकळत्या पाकाच्या कढया आणि त्यांच्या मधून पळणारं लेकरू, तुम्हीच विचार करा. तुमच्याकडे मशीनच्या पट्ट्याजवळ लेकरू गेलं तर जीव कसा वर येतो, तसंच. कारखान्याच्या मालकीणबाई कमला थोंगकोर्न यांचं बॅडमिंटन कोर्टही होतं. पोरीनं भट्टीपाशी जाऊ नये म्हणून तिच्या हातात रॅकेट दिली. तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. कारखान्याच्या नावावरूनच पुढं त्यांच्या क्लबचं नाव पडलं, बान्थोंगयोर्द. शिकवायला शिए झिहुआ नावाचे चिनी कोच होते.

म्हणजे मजुराची पोर आपोआप विश्वविजेती झाली असं नाही. कोणीतरी पाहिलं, जागा दिली, शिकवणारा दिला. गोदामात शिकण्यात कमीपणा काहीच नाही. पण गोदामात एकटीनं शिकणं अवघड आहे, हे तुम्ही मनावर घ्या.

आता तिचं "मंग".

चौदाव्या वर्षी, 2009 मध्ये, जागतिक ज्युनिअर विजेती. 2010 आणि 2011 मध्येही तीच. सतराव्या वर्षी लंडन. उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या वांग शिनविरुद्ध पहिला गेम 21-17 असा घेतला, पुढचे दोन 18-21, 14-21 गेले. मार्च 2013 मध्ये ऑल इंग्लंड या मोठ्या स्पर्धेच्या फायनलला पोचली आणि डेन्मार्कच्या टिने बाउनकडून पुन्हा तीन गेममध्ये हरली. म्हणजे लंडननंतर लगेच सगळं चांगलं झालं असं सांगू नका, तसं झालेलं नाही.

मग एप्रिलमध्ये दिल्लीला इंडिया ओपन जिंकली. आणि ऑगस्टमध्ये चीनमधल्या ग्वांगझोला जागतिक स्पर्धा. सेमीफायनलमध्ये समोर आपली सिंधू होती. 21-10, 21-13. मी घरी टीव्हीसमोर सिंधूसाठी बसलो होतो, आणि दुसऱ्या गेममध्ये माझं लक्ष या पोरीच्या मनगटावरच खिळलं. स्मॅशसाठी उडते तसा हात वर, खांदा तसाच, आणि अखेरच्या क्षणी मनगट सैल सोडते. शटल नेटच्या पलीकडे टपकन पडते. समोरची मागं पळालेली असते. जोरापेक्षा फसवणुकीवर तिचा सगळा खेळ. फायनलला ली शुएरुई, लंडनची सुवर्णपदक विजेती, तीही स्वतःच्या देशात. 22-20, 18-21, 21-14. अठराव्या वर्षी विश्वविजेती. एकेरीत इतक्या लहान वयात तोवर कोणी झालं नव्हतं.

यात एक गोष्ट मुलीला जरूर दाखवा. दुसरा गेम गेल्यावर तिसऱ्यात काय होते ते लंडनला तिनं भोगलं होतं. वर्षभरानं तसंच झालं, दुसरा गेम गेला, आणि तिसऱ्यात तिनं समोरचीला 14 वरच थांबवलं.

शटलवाली_पुसद

सरांनी छान लिहिलं. पण दादा मुलीला खरं सांगणार म्हणतात, तर पुढचंही सांगायला हवं.

2016 मध्ये इंडिया, मलेशिया, सिंगापूर अशा तीन सुपर सिरीज, म्हणजे वरच्या दर्जाच्या स्पर्धा, तिनं लागोपाठ तीन आठवड्यांत जिंकल्या. असं आधी कोणी केलं नव्हतं. त्याच एप्रिलमध्ये जगात पहिला नंबर, थायलंडची पहिलीच. रिओ ऑलिम्पिकमध्ये देशाचा झेंडा तिच्या हातात होता. आणि तिथं उपांत्यपूर्व फेरीच्याही आधी जपानच्या यामागुचीनं तिला दोन गेममध्ये हरवलं. टोकियोत तैवानच्या ताई त्झू-यिंगविरुद्ध पुन्हा पहिला गेम जिंकून हरली, 21-14, 18-21, 18-21. पॅरिसला पुन्हा उपांत्यपूर्व, इंडोनेशियाच्या ग्रेगोरियाकडून पहिला गेम 23-25 असा निसटला आणि दुसऱ्यात नऊच पॉइंट.

चार ऑलिम्पिक, पदक एकही नाही. मी कॉलेजात असताना तालुक्याची खेळाडू होते, एका हरण्यानंतर सोडून दिलं. कोणी अडवलं नाही, मीच सोडलं. म्हणून मला रॅचनॉकचं 2013 पेक्षा रिओनंतरचं जास्त वाटते. 2019 ला ती तिसऱ्यांदा इंडिया ओपन जिंकली, 2022 ला मलेशिया ओपन. ऑलिम्पिकच्या हरण्याचं जे दुखणं बरं झालं नाही ते घेऊन एवढी वर्षं कोर्टवर उतरत राहिली. आणि तिच्याच बान्थोंगयोर्द क्लबमधून पुढं आलेल्या कुनलावुत या खेळाडूनं पॅरिसला रौप्य नेलं. मुलीला हे सांगताना घाबरू नका दादा, बारा वर्षांच्या पोरींना आपल्या वाटण्यापेक्षा जास्त समजते.

बाकी कामाचं. गोदामात नायलॉनच्या शटलवर खेळत असेल तर स्पर्धेत पिसांचं शटल हातात येते तेव्हा गडबड होतेच. पिसांचं शटल जोरात सुटते आणि पुढं जाऊन एकदम मंदावते, नायलॉनचं तसं मंदावत नाही. 18-13 वरून जे झालं त्यात थोडा भाग याचाही असू शकतो. महिन्याला एक डबा परवडत नसेल तर जवळच्या हॉलमध्ये जाऊन वापरलेली मागा, पिसं थोडी तुटलेली असली तरी सरावाला चालतात. आणि नागपूरची मालविका बनसोड तिला दाखवा. जानेवारी 2022 मध्ये दिल्लीला तिनं सायना नेहवालला हरवलं, 21-17, 21-9. आपल्याच विदर्भातली आहे.

जिनिंग_फिटर (हिंगणघाट तालुका)

सर, ताई, काय बोलू. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळं वाचून दाखवलं. पाकाच्या कढईचं ऐकून बायकोनं हातातलं काम थांबवलं. तिची स्वतःची ओढणी एकदा पट्ट्यात गेली होती, मुलगी तेव्हा दीड वर्षाची, पाठीवर होती.

मुलगी ग्वांगझोपर्यंत नुसती ऐकत होती. ताईंचं रिओचं आलं तेव्हा म्हणाली, "झेंडा घेऊन गेली अन् हरली? मंग घरी आल्यावर लोक काय म्हणले तिले?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण पुढच्या वर्षी ती खेळत होती. त्यावर काही बोलली नाही. झोपली.

आज कामावरून आलो तर गोदामाचं दार उघडं. ती आणि भाऊ, दोघं माझा मोजायचा टेप घेऊन बल्लीपाशी उभे. दोरी मधून लोंबते आहे आणि एवढी वर्षं आपण चुकीच्या उंचीवर खेळत होतो, असं तिचं म्हणणं. नेटची बरोबर उंची किती असते? मीटरमध्ये नको, टेप फुटाचा आहे. आणि वापरलेली शटल वर्ध्याला कोणाकडे मागावी, तेही सांगा.

पीटीचे_सर_अमरावती

मधोमध 5 फूट, खांबापाशी 5 फूट 1 इंच. दोरी ताणून बांधा, एका माणसानं ओढून धरायची आणि दुसऱ्यानं गाठ मारायची. शटलसाठी वर्ध्याला जाऊ नका. आमच्या हॉलमधली पोती भरून पडलेली असतात, रविवारी हिंगणघाटच्या एसटीनं पाठवतो. पत्ता मेसेजमध्ये टाका.