मदत हवी आहे: गाडीचा रिमोट चालत नाही, सेल बदलून झाला

सोमवारची_सकाळ:
चार दिवस डोकं उठलंय. रिमोट दाबला की लाल दिवा लुकलुकतो, गाडी मात्र ढिम्म. दाराला जवळजवळ चिकटवून दाबला तर दहातून दोनदा उघडते. सेल बदलला, फरक शून्य. सध्या रिमोटमधली बारकी चावी काढून दार उघडते आणि तसं उघडलं की अलार्म कोकलायला लागतो. सगळं पार्किंग चोर सापडल्यासारखं बघतं. लवकर सांगा. "सर्व्हिस सेंटरला दाखवा" हे सोडून. दाखवलं, ते नवीन रिमोट घ्या म्हणतात.

घरगुती_तज्ज्ञ:
सेल बदला.

सोमवारची_सकाळ:
वर लिहिलंय हो!

सोल्डरगन:
सेल कुठला घातलात? सीआर२०३२ की २०२५? दोन्ही ३ व्होल्टचे, दोन्ही २० मिमी व्यासाचे, त्यामुळे हातात पटकन फरक कळत नाही. पण २०३२ ची जाडी ३.२ मिमी आणि २०२५ ची २.५. जाड्याच्या जागी बारका बसवला की तो पत्तीला नीट टेकत नाही. काही सेलवर लहान मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप असतो, त्यानेही कधीकधी संपर्क येत नाही. कोरड्या फडक्याने पुसून बघा. मीटर असेल तर मोजा, ३ च्या खाली दाखवत असेल तर "नवीन" सेल नवीन नाही.
आणि गाडी चावी फिरवून चालू होणारी आहे की बटणाची? रिमोट एकच आहे का?

बोनट_उघडा:
सोपी टेस्ट सांगतो. मोबाईलचा कॅमेरा चालू करा, रिमोट त्यासमोर धरून दाबा. जांभळट उजेड दिसला तर रिमोट ठीक.

सोल्डरगन:
ते टीव्हीच्या रिमोटचं झालं. तो इन्फ्रारेडवर चालतो. गाडीचा रिमोट रेडिओ लहरींवर चालतो, बहुतेक ठिकाणी ४३३.९२ मेगाहर्ट्झ, काही देशांत ३१५. कॅमेऱ्यात काय दिसणार?

बोनट_उघडा:
माझ्या रिमोटचा उजेड दिसतो कॅमेऱ्यात. आत्ता बघितला.

सोल्डरगन:
लाल दिवा आहे तो. नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

रात्रपाळी:
हनुवटीला टेकवून दाबा. हसू नका, माझी गाडी अशी दुप्पट अंतरावरून उघडते.

बोनट_उघडा:
आणि मी कॅमेरा म्हटलं की चूक!

सोल्डरगन:
हनुवटीचं खरं आहे. डोक्यात पाणी भरपूर, ते थोडंफार अँटेनाचं काम करतं. पण हा इलाज नव्हे. दाराला चिकटवूनही उघडत नसेल तर हनुवटी काय करणार.

मधली_सुट्टी:
सिंक गेलंय. घरात कुणी लहान मूल रिमोटशी खेळत होतं का? रिमोट गाडीला जो कोड पाठवतो तो प्रत्येक दाबण्याला पुढे सरकतो, जुना कोड गाडी परत घेत नाही. गाडीपासून लांब खूप वेळा दाबलं की रिमोट इतका पुढे जातो की गाडी त्याला ओळखत नाही. पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

सोल्डरगन:
मग दहातून दोनदा तरी का उघडली असती? सिंक गेलं की जवळून काय, लांबून काय, सारखंच.

मधली_सुट्टी:
माझं याच उपायाने झालं होतं. तुम्ही प्रत्येकाला खोडून का काढताय?

जुनी_चावी:
ताई, बटणाची गाडी असेल तर रात्री रिमोट पत्र्याच्या डब्यात झाकण लावून ठेवत जा. या गाड्या हलक्या लहरींनी चावीला हाक मारतात, चावी ओ देते, दार उघडतं. चोर दोन यंत्रं घेऊन येतात. एक घराच्या भिंतीपाशी, एक गाडीपाशी. मधल्यामध्ये हाक पोचवतात आणि गाडी घेऊन जातात. फार वाढलंय हे.

सोमवारची_सकाळ:
काका, माझी गाडी मलाच उघडत नाहीये. चोराला उघडली तर त्याला म्हणावं मलाही शिकव.
सोल्डरगन, सेल २०३२ च आहे, पुसून घातला. मीटर नाही. गाडी बटणाची. "चावी सापडत नाही" असं स्क्रीनवर येतं, मग रिमोट बटणाला टेकवला की चालू होते. दुसरा रिमोटही असाच वागतो.

सोल्डरगन:
अहो, हे आधी सांगायचं! दोन रिमोट एकाच दिवशी बिघडत नाहीत. बटणाला टेकवून चालू होते कारण आतली चिप सेलशिवाय चालते, गाडीच तिला जवळून शक्ती देते. म्हणजे चिप ठीक, रिमोटही बहुधा ठीक. गाडीला ऐकू येत नाहीये. चार दिवसांपूर्वी गाडीत काय केलंत?

सोमवारची_सकाळ:
काही नाही.

रात्रपाळी:
गाडीची मोठी बॅटरी उतरली असेल.

सोमवारची_सकाळ:
एका झटक्यात चालू होते.
डॅशकॅम लावलाय रविवारी, पण तो काचेवर आहे. दाराशी काय संबंध?

सोल्डरगन:
त्याला वीज कुठून? लायटरच्या सॉकेटमधून? गाडी बंद केल्यावरही चालू राहतो?

सोमवारची_सकाळ:
हो, सोबत आलेला चार्जर. उभ्या गाडीला कुणी घासून गेलं तर कळावं म्हणून चालूच ठेवते.

सोल्डरगन:
तो चार्जर उपटा. १२ व्होल्टचे ५ करताना आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. स्वस्तातल्या चार्जरमध्ये तो गोंगाट अडवायला काही नसतं आणि लांब वायर त्याची अँटेना होते. रिमोटचा आवाज म्हणजे कुजबुज. गाडीच्या कानाशी कुणी पत्रा बडवत बसलं तर कुजबुज कशी कळणार? उपटा आणि वीस पावलांवरून दाबून बघा.

बोनट_उघडा:
माझ्या डॅशकॅमने असलं काही होत नाही.

सोल्डरगन:
तुमचा चार्जर चांगला असेल.

सोमवारची_सकाळ:
आत्ता खाली जाऊन आले. चार्जर काढला, लिफ्टच्या दारातून उघडली! परत लावला, बंद. तीनदा केलं, वॉचमन बघत होता. मग आता डॅशकॅम फेकून द्यायचा?

सोल्डरगन:
कॅमेरा राहू दे, चार्जर बदला. नवा लावल्यावर हाच प्रयोग करा, त्रास देत असेल तर दुकानदाराला परत. वायरला फेराइटचा मणी (असला गोंगाट दाबणारी काळी गोळी) लावूनही काही वेळा भागतं, पण आधी चार्जर.

मधली_सुट्टी:
दुसरा रिमोटही लांबून चालतोय का आता?

सोमवारची_सकाळ:
तो अजून चार पावलांवरूनच. उघडला आत्ता. २०२५ निघाला, खाली कागदाची घडी घालून बसवलेला. हा उद्योग आमच्याच घरातल्या एका इंजिनिअरचा.

घरगुती_तज्ज्ञ:
सेल बदला.

जुनी_चावी:
ताई, उभ्या गाडीत कॅमेरा रात्रभर चालू ठेवता तर बॅटरी किती दिवस पुरते? मलाही घ्यायचा आहे.